माणूस कशासाठी झटतो?

वैद्यकाच्या ग्रंथात तत्त्वज्ञान शोधायला सहसा कुणी जात नाही. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय त्यासाठीही वाचावा. माणसाने तीन एषणा बाळगाव्यात असे तिथे सांगितले आहे: प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. प्राण पहिला, कारण तो गेला की सगळेच गेले. धन दुसरे, कारण हाती साधन नसताना दीर्घायुष्य लाभणे याहून वाईट काही नाही, असे ग्रंथकाराचे रोखठोक मत आहे. परलोकापाशी आल्यावर मात्र तो थबकतो. परलोक आहे की नाही याबद्दलच लोकांना शंका आहे हे मान्य करून तो पुरावे तपासायला बसतो. या यादीत सुखाचे नाव नाही. पुढे त्याच सूत्रस्थानात, सर्व प्राण्यांच्या सर्व प्रवृत्ती सुखासाठीच असतात, असे विधान येते आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही ते आहे. टीकाकार या दोहोंची सांगड घालू शकतील, नव्हे घालतीलच. पण सांगड घालण्याआधी ही विसंगती जरा न्याहाळावी. कारण माणूस कशासाठी झटतो या प्रश्नाची आजवरची दोन सर्वांत लोकप्रिय उत्तरे नेमकी हीच आहेत: एक म्हणते सुखासाठी, दुसरे म्हणते जीव जगवण्यासाठी. माझे म्हणणे असे की दोन्ही उत्तरे सारख्याच कारणाने फसतात. इच्छा पुरी झाल्यावर जे मिळते, किंवा इच्छा करता यावी म्हणून जे आधी असावे लागते, त्यालाच ती इच्छेचे साध्य समजून बसतात.

सुखवादाचे आधुनिक घोषणापत्र म्हणजे जेरेमी बेंथमचा १७८९ सालचा ग्रंथ. निसर्गाने माणसाला सुख आणि दुःख या दोन धन्यांच्या ताब्यात दिले आहे, आपण काय करावे आणि काय करू हे दोन्ही तेच ठरवतात, असा त्याचा आरंभ आहे. या मताचे आकर्षण उघड आहे. दंड किती, बक्षीस किती, कर किती, या सर्वांचा हिशेब एकाच मापाने करता येतो. राज्यकर्त्याला आणि अर्थशास्त्रज्ञाला याहून सोयीचे काय असणार? विसाव्या शतकात या मताला प्रयोगशाळेचा आधार मिळाल्यासारखे वाटले. १९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. उंदराने पट्टी दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य धक्का मिळे. उंदीर ती पट्टी दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत भुकेले उंदीरही अन्नाकडे पाठ फिरवून पट्टीशीच चिकटून राहिलेले दिसले. मेंदूतले सुखाचे केंद्र सापडले, अशी दवंडी पिटली गेली. डोपामीन हे त्या केंद्राचे रसायन ठरले आणि ‘सुखाचे रसायन’ म्हणून ते आजही वर्तमानपत्री सदरांत सुखेनैव वावरते आहे.

पण उंदराला सुख होते आहे हे कुणी पाहिले होते? पाहिले होते एवढेच की तो पट्टी दाबतो आहे. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी नेमकी ही फट हेरली. उंदराच्या जिभेवर साखरेचे पाणी टाकले की तो जीभ बाहेर काढून ओठ चाटतो, कडू टाकले की तोंड वासतो आणि डोके झटकतो. मानवी तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरही गोड-कडूला असेच ओळखू येणारे भाव उमटतात. म्हणजे आवडले की नाही हे पट्टीवाचूनही वाचता येते. १९८९ साली बेरिज आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्या मेंदूतले डोपामीन जवळजवळ नष्ट केले होते असे उंदीर तपासले. हे उंदीर अन्नाच्या ढिगात बसून उपाशी मरतील अशा अवस्थेत होते. भरवल्याशिवाय खातच नव्हते. सुखाचे रसायन गेले असेल तर त्यांना गोडही गोड लागायला नको. प्रत्यक्षात जिभेवर साखर पडताच ते पूर्वीइतकेच ओठ चाटत होते. आवड शाबूत होती, ओढ मेली होती. उलट बाजूचा प्रयोगही झाला. मेंदूचा एक भाग विजेने चेतवला की उंदीर अधाशासारखे खात, पण त्यांच्या चेहऱ्यावर आवडीच्या खुणा वाढत नव्हत्या. उलट नावडीच्याच वाढत. खात होते, पण चवीने नव्हे.

ज्याने दारूचे किंवा तंबाखूचे व्यसन जवळून पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. व्यसन जुने होते तसा आनंद घटत जातो आणि ओढ वाढत जाते. सुखवादाच्या हिशेबात हे बसायला नको. यावर सुखवादी म्हणेल की व्यसनी माणूस सुखासाठी पीत नसेल, न पिण्याचे दुःख टाळण्यासाठी पितो. काही अंशी ते खरेच आहे. पण शरीर पूर्ण शुद्ध झाल्यानंतर, अंगाची थरथर थांबून कित्येक महिने लोटल्यानंतर, ओळखीच्या कोपऱ्यावरचे दुकान दिसताच ती ओढ पुन्हा उसळते, तेव्हा टाळायचे ते दुःख शरीरात उरलेले नसते. त्या क्षणी अस्वस्थता असते ती ओढीतूनच जन्मलेली. ओढीने निर्माण केलेली अस्वस्थता हेच ओढीचे कारण म्हणून दाखवायचे, हे घोड्यापुढे गाडी जुंपण्यासारखे झाले.

इथे सुखवादी आपला ठेवणीतला युक्तिवाद काढतो. मेंदूचे राहू द्या, तो म्हणतो. माणूस परोपकार करतो तोसुद्धा शेवटी आपल्याला समाधान मिळावे म्हणूनच ना? हा युक्तिवाद फार जुना आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पती, पत्नी, पुत्र, वित्त हे सारे आत्म्यासाठीच प्रिय होते. आणि तिथल्या ‘आत्म्या’चा अर्थ आपण स्वतः असा केला की तो युक्तिवाद तयार. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी आधिभौतिक सुखवादाला एक अख्खे प्रकरण दिले आहे आणि स्वार्थाचे पायऱ्यापायऱ्यांनी सुधारत जाणारे प्रकार एकेक करून तपासले आहेत. त्यांचे खंडन बहुतेक ठिकाणी बिनतोड आहे. खंडनानंतर ते थेट अध्यात्माच्या दारात जाऊन उभे राहतात, तिथे मात्र त्यांच्यामागून जाण्याची मला गरज दिसत नाही. सुखवाद चुकला म्हणजे आत्मवाद सिद्ध झाला असे होत नाही.

समाधानाच्या युक्तिवादाला नेमके उत्तर जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२६ सालीच देऊन ठेवले होते. मुलगी परीक्षेत पास झाली म्हणून बापाला आनंद होतो. का होतो? कारण तिचे भले व्हावे असे त्याला आधीपासून वाटत होते. ते वाटतच नसते तर निकाल ऐकून तो ढिम्म राहिला असता. म्हणजे समाधान हे इच्छेच्या पाठोपाठ येते. इच्छा आधी कशाची तरी असावी लागते, आणि ते ‘कशाचे तरी’ म्हणजे समाधान नव्हे. जो केवळ समाधानाचीच इच्छा धरतो त्याच्या हाती ते लागत नाही, हेही हेन्री सिजविकने १८७४ साली नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, आणि सिजविक तर स्वतः सुखवादी होता. जाणूनबुजून आनंद मिळवायला निघालेल्यांची सहल पाहा, त्याच्या म्हणण्याची साक्ष पटेल.

कुणी म्हणेल, हे तर्कापुरते ठीक, पुरावा काय? पुरावाही आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक तरुणी विजेचे धक्के सहन करताना दिसे (धक्के खरे नव्हते, पण विद्यार्थ्यांना ते ठाऊक नव्हते). तिच्या जागी उरलेले धक्के तुम्ही घ्याल का, असे त्यांना विचारले गेले. काहींना सांगितले होते की थोडे पाहून झाले की तुम्ही निघून जाऊ शकता. इतरांना शेवटपर्यंत पाहावे लागणार होते. माणूस फक्त स्वतःची तगमग शमवण्यासाठी मदत करत असेल, तर ज्याला निघून जाण्याची मुभा आहे त्याने निघून जावे. तोच सर्वांत स्वस्त उपाय. ज्यांना तिच्याबद्दल फारशी आपुलकी वाटली नव्हती त्यांनी बव्हंशी तेच केले. ज्यांच्या मनात आपुलकी जागवली गेली होती ते मात्र वाट मोकळी असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले. बॅट्सनवर आक्षेप आले, अपराधभाव, लोकलज्जा अशा पळवाटा सुचवल्या गेल्या, आणि त्याने त्यांतल्या बऱ्याच पुढच्या प्रयोगांत एकेक करून बंद केल्या. तरीही ज्याला सगळे स्वार्थच दिसायचे आहे त्याला पुढची पळवाट नेहमीच सापडेल. पण कोणत्याही घटनेने खोटा ठरू शकत नाही असा सिद्धांत घटनांबद्दल काही सांगतही नसतो. जीव देणारा सुखासाठी, जीव घेणारा सुखासाठी, उपास करणारा आणि ताव मारणारा दोघेही सुखासाठी, असे म्हटल्यावर माहिती म्हणून आपल्या हातात काय पडले?

आता दुसरे उत्तर. ते अधिक भारदस्त आहे, कारण भुकेशी वाद घालता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली ती रस्त्याच्या प्रेमाने नव्हे; पोटाची खळगी भरायला गेली. माणसाच्या उदात्त प्रेरणांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे समोर ठेवूनच लिहावे. भूक मनाचे काय करते याचा सर्वांत काटेकोर अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झाला. अॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ तरुण सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले आणि त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. त्यांचे मैत्री, राजकारण, वाचन यांतले स्वारस्य आटत गेले. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, स्वप्नात जेवू लागले, ताटल्या चाटू लागले. अब्राहम मॅस्लोने १९४३ साली मांडलेली गरजांची उतरंड इथे तंतोतंत खरी वाटते: आधी पोट, मग सुरक्षितता, मग आपुलकी, प्रतिष्ठा आणि उरलेले सगळे. (व्यवस्थापनाच्या वर्गात दाखवतात तो प्रसिद्ध त्रिकोण मॅस्लोच्या त्या निबंधात नाही; तो नंतरच्यांनी काढला.)

पण हे ३६ जण तिथे आले कसे? युद्धात शस्त्र धरायला धर्माने किंवा विवेकाने मना केलेले ते तरुण होते. युरोपातल्या उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे जगवावे हे कळण्यासाठी कुणीतरी आधी उपाशी राहणे भाग होते, आणि ते काम त्यांनी आपण होऊन मागून घेतले होते. फाटकाबाहेर भरपूर अन्न मिळणाऱ्या देशात, कैदेत नसताना, बहुतेक जण शेवटपर्यंत टिकले. भुकेने त्यांच्या मनाचा जवळजवळ सगळा अवकाश व्यापला, तरी ज्या गोष्टीसाठी ते आले होते ती गोष्ट तिने हुसकावली नाही. उतरंडीचा खालचा थर रिकामा असताना वरचा थर ढासळायला हवा होता.

त्याच महायुद्धात लेनिनग्राडला याहून भयंकर गोष्ट घडली. तिथे प्रयोग नव्हता, वेढा होता. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहर कोंडले आणि त्या हिवाळ्यात अनेक नागरिकांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येऊ लागला. शहराच्या मध्यावर निकोलाय वाविलोव यांनी उभारलेली वनस्पतिसंशोधन संस्था होती. जगभरातून गोळा केलेले गहू, भात, डाळी, शेंगदाणे, बटाटे यांचे वाण तिथे जतन केले होते. खुद्द वाविलोव तेव्हा स्टालिनच्या कैदेत होते; १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात तेही उपासमारीनेच गेले. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते बियाणे उंदरांपासून, थंडीपासून आणि भुकेल्या शहरापासून राखले. राखणाऱ्यांपैकी अनेक जण भुकेने मेले. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव मेले तेव्हा त्यांच्या ताब्यात भाताच्या वाणांनी भरलेल्या पिशव्या होत्या. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलापाशी कोसळले. जगण्याची प्रेरणा सर्वांच्या मुळाशी असेल तर त्या इमारतीत एक दाणाही उरायला नको होता.

अशी उदाहरणे अपवाद म्हणून बाजूला सारायची पद्धत आहे. पण अपवादांची ही रांग फार लांब आहे. लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी ६३ दिवस उपोषण करून जतीन दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी मरण पावले. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारले. या तिघांची कारणे एकमेकांशी जुळत नाहीत: एकाला सरकारला झुकवायचे होते, दुसऱ्याला कर्मबंधनातून सुटायचे होते, तिसऱ्याला आलेल्या मृत्यूला अडवायचे नव्हते. यांचे अनुकरण करावे असे मी सुचवत नाही. सल्लेखनेचे कायद्यातले स्थान काय हा वाद २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो क्षुल्लक वाद नाही. मुद्दा एवढाच की जगणे ही बहुतेक वेळा बाकी सगळे करता यावे म्हणून लागणारी अट असते. अट म्हणून ती अतिशय बळकट आहे. मात्र तिचे बळ ज्या गोष्टींसाठी जगायचे त्यांच्याकडून बरेचसे उसने आलेले असते, आणि त्या गोष्टी हिसकावल्या जाऊ लागल्या की माणूस ती अट मोडूनही टाकतो.

उत्क्रांतीचा अभ्यासक इथे हसेल. व्यक्ती जगते की मरते याला महत्त्व नाही, तो म्हणेल. जनुके टिकली पाहिजेत. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी आपण जीव देऊ, असा विनोद जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या नावावर सांगितला जातो, आणि विल्यम हॅमिल्टनने १९६४ साली त्या हिशेबाचे गणित मांडले. हे गणित खरे आहे, आणि आईची माया, भावाचा ओढा या गोष्टी आपल्यात कशा आल्या हे ते उत्तम सांगते. पण कशा आल्या आणि कशासाठी आहेत हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. आई मुलाला उठून पाणी देते तेव्हा तिला जनुकांची टक्केवारी नको असते, मुलाची तहान भागायला हवी असते. गोडाची ओढ उष्मांक कमी असलेल्या काळात उपयोगी ठरली म्हणून आपल्याकडे आली. म्हणून श्रीखंडाची वाटी पुढे ओढणारा माणूस उष्मांकांच्या शोधात निघालेला नसतो. आणि जनुकांची नक्कल हेच आपले छुपे साध्य असते तर गर्भनिरोधक साधने जगभर इतक्या आवडीने स्वीकारली गेली नसती. निसर्गाने आपल्याला काही इच्छा दिल्या आणि त्यांच्या मालकीचा कागद मात्र आपल्या नावावर झाला. आता त्या कुठे जातील हे निसर्गाच्या हातात राहिलेले नाही. लेनिनग्राडच्या बियाण्यावर पुढे जे पोसले गेले ते राखणाऱ्यांचे चुलतभाऊ नव्हते.

मग माणूस कशासाठी झटतो? याला एकवचनी उत्तर नाही. तो गोष्टींसाठी झटतो: मुलीसाठी, कोडे सुटण्यासाठी, वाणासाठी, मतासाठी, गावातल्या प्रतिष्ठेसाठी, पंढरीच्या वाटेसाठी. हॅरी हार्लो यांच्या विस्कॉन्सिनमधल्या माकडांनी १९५० च्या सुमारास खिट्ट्या-कड्यांची कोडी काहीही खाऊ न मिळता सोडवली. मध्ये खाऊ आणल्यावर उलट त्यांच्या चुका वाढल्या. माकडाची ही गत, तर माणसाची काय सांगावी. हे उत्तर अव्यवस्थित आहे याची मला कल्पना आहे, आणि ज्यांना धोरणे आखायची असतात त्यांना ते गैरसोयीचे वाटते. पण सोयीच्या उत्तराची किंमतही आपण मोजतोच. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे कमी व्हावेत. झाले उलटेच, ते जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून घेतल्यावरही कमी झाले नाहीत. थांबून राहिलेल्या शिक्षिकेबद्दलचा संकोच दंडाने पुसून टाकला होता. उशीर आता विकत मिळू लागला होता. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाबद्दल याच जातीचा मुद्दा मांडला होता: रक्ताला पैसे देऊ लागले की दान करणारे दुरावतात आणि गरजेपोटी आजार लपवणारे पुढे येतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर धंदेवाईक रक्तदाते १९९८ पासून बंद झाले. त्यानंतर महाराष्ट्रात जयंती, पुण्यतिथी, गणेशोत्सव यांच्या निमित्ताने शिबिरे भरत आली आहेत. रांगेत उभा असलेला तरुण नेत्यासाठी उभा आहे, मित्रांसाठी, मंडळासाठी की अनोळखी रुग्णासाठी, हे त्यालाही नीटसे सांगता येणार नाही. बिस्किटाच्या पुड्यासाठी उभा नाही, एवढे नक्की.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा लेख माणसाच्या चांगुलपणाची वकिली करतो आहे. तसे नाही, सुख आणि जीव यांच्या पलीकडे जाणारी प्रेरणा जितकी उदार असते तितकीच विखारीही असते. बुद्धाने कामतृष्णा आणि भवतृष्णा यांच्या जोडीला विभवतृष्णा सांगितली, नष्ट होण्याची तहान, आणि सुखवादाच्या कोणत्याही आवृत्तीपेक्षा ही यादी माणसाला अधिक ओळखते. १९८२ पासून अर्थशास्त्रज्ञ एक साधा खेळ खेळवत आले आहेत. एकाला रक्कम द्यायची, त्याने दुसऱ्याला त्यातला वाटा देऊ करायचा. दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही काही नाही. मिळेल ते घ्यावे हे शहाणपणाचे. पण पाचव्या हिश्श्याहून कमी देऊ केले की बरेच जण ते धुडकावतात: मला नको, पण तुलाही मिळू देणार नाही. ईशान्य भारतातल्या खेड्यांत रक्कम खूप मोठी करून पाहिली तेव्हा असे नकार पुष्कळ घटले, हेही सांगितले पाहिजे. पैशाला वजन आहेच.

ते वजन कुठे कमी पडते हे पाहायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, तालुक्याच्या कोर्टात जावे. बांधावरून, वाटणीवरून, विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. वकिलाची फी, मोजणीचे पैसे, तारखांना बुडालेली मजुरी यांची बेरीज वादातल्या पट्ट्याच्या किमतीपलीकडे केव्हाच गेलेली असते, आणि दोघांनाही ते पाठ असते. यातून कुणाला सुख होत नाही. रात्रीची झोप जाते. कुणाचे पोटही भरत नाही. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्याची ही तयारी बेंथमच्या दोन धन्यांपैकी कुणाच्याच हुकमात बसत नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सलोखा योजना आणली: एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात अशी किमान १२ वर्षे असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. योजना स्तुत्य आहे. खर्च हीच अडचण असलेल्या कुटुंबांचा वाद तिने नक्की मिटेल. पण दस्तावर दोन्ही भावांच्या सह्या लागतात, आणि ज्या घरात धाकट्याला थोरल्याकडून बांध नको असून चारचौघांत कबुली हवी असते, तिथे शुल्क शून्य केले तरी निबंधकाच्या कार्यालयात एकच भाऊ येऊन बसेल.